अंजूच्या रेतीची परात

मी एक जुनी परात आहे, मित्रांनो. पितळेची, दीड हात रुंद, काठाला तीन पोचे. भंडाऱ्याच्या भांडीबाजारात आनंदाबाईंच्या मामांनी मला भाचीच्या लग्नासाठी घेतलं आणि बुडावर तिचं नाव कोरून दिलं. लग्नात माझ्यात नवरदेवाचे पाय धुतले. मग साकोलीकडच्या एका गावात मी सासरी आले. तिथे वर्षानुवर्षं माझ्यात तांदूळ निवडले गेले. आनंदाबाईंच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "सुनेनं परात तं चोखट आणली." मला फार बरं वाटायचं. पुढे घरात स्टीलच्या पराती आल्या. त्या हलक्या होत्या आणि त्यांना चिंच लावून घासावं लागत नव्हतं. मी माळ्यावर गेले आणि तिथेच काळी पडले.

मी तिथे किती वर्षं होते ते मला सांगता येणार नाही. अंधारात वर्षं मोजता येत नाहीत.

एक दिवस आनंदाबाई स्वतः शिडीवर चढल्या. त्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका झाल्या होत्या. अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक व्हरांडा, एक हातपंप आणि बावीस लेकरं. खेळण्यांचा एक मोठा खोका सरकारकडून आला होता, पण तो कपाटात बंद असायचा. खेळणी तुटली तर सुपरवायझर मॅडमकडून विचारणा होईल, ही भीती. मदतनीस उषाबाई म्हणायच्या, "मॅडम आली का काढाची, मॅडम गेली का ठेवाची. कपाटालेच शिकवून राहिलो आपन!"

आनंदाबाईंना ते पटत नव्हतं. त्यांनी मला चिंचेने घासलं. माहेरी, पवनीला गेल्या तेव्हा वैनगंगेची रेती पिशवीत भरून आणली. ती तीन पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली, पिठाच्या चाळणीने चाळली. रेतीत काच असू शकते, काटा असू शकतो, आणि लेकरू काय तोंडात घालील त्याचा नेम नाही. रोज सुटीनंतर त्या माझ्यावर कापड बांधायच्या, म्हणजे मांजर बसू नये.

मित्रांनो, तो माझा दुसरा जन्म होता.

पेन्सिल धरायच्या आधी बोट तयार व्हावं लागतं, असं बाई म्हणत. म्हणून त्या सुरुवातीला अक्षर काढायला लावतच नसत. उभी रेघ म्हणजे बांबू. आडवी रेघ म्हणजे शेताचा धुरा, दोन शेतांमधला बांध. खाली वाकलेला अर्धा गोल म्हणजे बोडी, आपल्या शेतातलं लहान तळं; उलटा केला की बोडीची पाळ. लेकरं बांबू लावत, धुरे घालत, बोड्या खणत. चार महिन्यांनी त्याच रेघा जोडून 'ग' कधी व्हायचा ते त्यांना कळायचंही नाही.

कधी बाई रेतीत लाकडी चमचा, कुलूप, शिंपला पुरून ठेवत. डोळे मिटायचे, हात घालायचा, नुसत्या स्पर्शाने ओळखायचं. "थंड हाय!" "दात हायेत त्याले!" "बाई, कुलूप!" कधी आंब्याच्या धुऊन वाळवलेल्या कोयी माझ्यात ओतून लहान-मोठ्या वेगळ्या करायच्या. आधी त्यासाठी तुरीचे दाणे असत. पण एका लेकराने दाणा नाकात घातला, उषाबाईंनी बोंबाबोंब केली, आणि त्या दिवसापासून माझ्यात फक्त नाकापेक्षा मोठ्या वस्तू येऊ लागल्या. मीही निर्धास्त झाले. खरं सांगते, लेकरं भोवती बसली की मला सारखी काळजी असायची. कोणाचं नख माझ्या काठाला लागेल, कोण रेती डोळ्यांत उडवील, कोण खोकतंय, कोण कालपासून गप्प आहे.

बाईंचा कायदा एकच होता. ज्याने काढलं त्यानेच पुसायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, बाईंनीसुद्धा नाही. चित्र वाकडं झालं तरी 'चुकलं' हा शब्द नाही. तळहात फिरवायचा, की रेती पुन्हा कोरी. म्हणून माझ्यापाशी कोणी घाबरत नसे. वहीत काढलेली चूक वहीत राहते आणि दुसऱ्या दिवशी लेकराकडे बघत बसते. माझ्याकडे कालचं काही नसायचं.

पण त्याचमुळे लोकांना दाखवायलाही काही नसायचं. पालक वही मागायचे. सुपरवायझर मॅडम मोबाइलवर माझा फोटो काढायच्या आणि म्हणायच्या, "यात नुसती रेतीच दिसते हो." बाई हसून घ्यायच्या.

आता अंजूबद्दल सांगते.

अंजू चार वर्षांची झाली होती आणि बोलत नव्हती. तिला भूक लागली की ती आईचा पदर ओढायची, दुखलं की रडायची, पण शब्द नाही. तिची आई रीता बी.ए. झालेली होती. तिने पोरीला भंडाऱ्याला नेऊन कान तपासून आणले. कान उत्तम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खेळू द्या, तुम्ही तिच्याशी बोलत राहा आणि वाट पाहा. पहिल्या दोन गोष्टी रीता करू शकत होती. तिसरी तिला जमत नव्हती. पोरीला वर्गात सोडून ती घरी जायचीच नाही. खिडकीच्या गजांना धरून उभी राहायची. पोरीने पाणी प्यायलं का, कोणी ढकललं का, ओठ हलले का.

घरी तिच्या सासूबाई, शकुनबाई, रोज तोच विषय काढायच्या. एकदा त्या सोडायला आल्या तेव्हा व्हरांड्यातच म्हणाल्या, "आनंदाबाई, मुकीले कायले बसवता जी वर्गात? तिच्यासाठी येगळी शाळा राहते म्हनते."

"मुकी नाई ते," बाई म्हणाल्या. "तिच्या पोटात शब्द आहेत. तोंडापर्यंत येऊन परत जातात."

"चार वर्सं झाले, येऊनच राहिले!" शकुनबाई म्हणाल्या.

रीता खाली बघत उभी होती. अंजूने आजीकडे पाहिलं आणि माझ्यापाशी येऊन बसली.

ती रोज माझ्यापाशीच बसायची. दिवाळी झाली, धानाची कापणी आटोपली, थंडी पडली. अंजू रोज बोडी काढायची, बोडीत एक मासोळी काढायची आणि तळहाताने पुसायची. पुन्हा काढायची, पुन्हा पुसायची. बाई शेजारी बसून, तिच्याकडे न बघता, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणायच्या, "गेली मासोळी..." आणि अंजूने परत काढली की, "आली मासोळी!" दीड महिना हे असंच चाललं. बाईंनी एकदाही तिला "म्हण" असं सांगितलं नाही.

आणि एका सकाळी अंजूने तळहात फिरवला आणि ती म्हणाली, "गेली."

बाई हलल्या नाहीत. त्यांनी श्वास धरून ठेवला होता, मला दिसत होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "गेली. आता?"

अंजूने मासोळी काढली. "आली."

खिडकीत रीताने तोंडावर पदर दाबला.

त्यानंतर शब्द येत गेले. पानी. पाळ. बगळा. उडला. सगळे माझ्याभोवती आणि सगळे पुसताना किंवा पुन्हा काढताना. घरी मात्र एकही नाही. रीता घरी सांगायची आणि शकुनबाई म्हणायच्या, "तुह्या कानाले ऐकू येते, आमच्या नाई येत." अंजूचे वडील सचिन गवंडीकाम करायचे. ते दिवसभर बाहेर असत. ते काही म्हणत नसत, पण रीताच्या सांगण्यावर मानही डोलवत नसत. रीता बाईंना विचारायची, "ताई, घरी कवा बोलन वं ही?"

"बोलन. एक रोज रेती वलांडून घरापर्यंत जाईन तिचा शब्द. घाई नोको करू."

जानेवारीत एक दिवस बाई बैठकीला साकोलीला गेल्या. वर्ग उषाबाईंवर होता. अंजूने बोडी काढली, मासोळी काढली. मग पाळीवर दोन माणसं काढली. एक लहान. एक मोठं, त्याला लांब वेणी. तिने लहानावर बोट ठेवलं. "अंजू." मग मोठ्यावर ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.

"आई," ती म्हणाली.

खिडकीतली रीता खालीच बसली. उषाबाई धावत बाहेर गेल्या. "काय झालं वं? चक्कर आली का?"

"उषाबाई, आई म्हनली. मले आई म्हनली."

"मंग रडून कायले राहिली? हासनं, येडे!" असं म्हणून उषाबाईंनी स्वतःचेच डोळे पुसले. आत येऊन त्यांनी लेकरांना हाक दिली, "चला रे, खिचडी निवून राहिली!"

अंजूने तळहात उचलला, चित्रावर धरला. आणि तिने पुसलं नाही. एकदा बघितलं आणि खिचडीकडे गेली. तिने का पुसलं नाही ते मला ठाऊक नाही. कदाचित उद्यासाठी ठेवलं असेल. मी इतकी वर्षं लेकरांचे हात अंगावर वागवले, पण त्यांच्या मनातलं मला नेहमी कळतंच असं नाही.

रीता आत आली. माझ्यापाशी गुडघ्यांवर बसली. तिने चित्राला बोट लावलं नाही, नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "उषाबाई, हे पुसू नोका हं. हे मी घरी दाखवीन."

"मी कायले पुसू? बाईचा कायदा आहे. पन रेती ते. वारा आला का गेली."

तेवढं ऐकून रीताचा चेहरा बदलला.

मित्रांनो, ती वाईट बाई नव्हती. तुमची आई तुमचा पहिला दात डबीत ठेवते ना, तसंच तिला हे ठेवायचं होतं. कॉलेजात असताना रांगोळीच्या स्पर्धेत ती आणि तिच्या मैत्रिणी रांगोळीवर डिंकाचं पाणी शिंपडायच्या, उडू नये म्हणून. पण डिंकाला मुंग्या येतात, आणि दोन दिवसांनी तो उकलतो. तिच्या घरी भिंतीचं प्लास्टर चाललं होतं. गवंड्याची बायको ती. काय पक्कं राहतं हे तिला माहीत होतं.

लेकरं घरी गेल्यावर, उषाबाई हातपंपावर खिचडीचा गंज, ते मोठं पातेलं, घासत होत्या तेव्हा, ती परत आली. तिने आधी पाणी शिंपडून रेती ओली केली. मग सिमेंटचं पातळ पाणी वाटीने काठाकाठाने माझ्यात सोडलं. किती जपून सोडलं म्हणून सांगू! मासोळीचं शेपूट मोडू नये म्हणून श्वाससुद्धा बाजूला वळवून घेत होती. वेणीजवळ आली तेव्हा तिने वाटी खाली ठेवली आणि बोटाने थेंबथेंब सोडलं. ते गार पाणी रेतीतून झिरपत माझ्या बुडापर्यंत आलं. मला ओरडायचं होतं. परातीला तोंड असतं, पण ते नुसतं वर उघडं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जड झाले होते.

रीता त्या दिवशी खिडकीत थांबली नाही. ती शकुनबाईंना हाताला धरून वर्गात घेऊन आली. "पाहा आई. हे तुमच्या नातीनं काढलं. हे मी आहो. काल तिनं बोट ठेवून सांगितलं. आज तुमच्यासमोर सांगन."

शकुनबाई वाकल्या. "चित्र तं मस्त काढलं वं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. "बोल गं माय. कोन आहे हे?"

अंजू माझ्यापाशी बसली. आधी तिने रोजच्यासारखा तळहात मासोळीवर ठेवला आणि फिरवला.

मासोळी गेली नाही.

तिने पुन्हा फिरवला. मग जोराने. मग दोन्ही हातांनी. खरखर आवाज आला. तिने बोटाने मासोळी उकरून पाहिली. नखाखाली काही आलं नाही. ती घासत राहिली आणि तिच्या तळव्याची साल निघाली. मोठ्या माणसाच्या वेणीवर रक्ताची बारीक रेघ उमटली.

"अंजू, बाळा, नोको!" रीताने तिचे हात धरले. "पुसू नोको, आता ते पुसतच नाई. राहिलं ते, पाय ना, कायमचं राहिलं. सांग आजीले. कोन आहे हे? कोन आहे?"

अंजूने आईकडे पाहिलं. ओठ थोडे उघडले. मित्रांनो, मी अगदी खाली होते, मला तिच्या तोंडातला काळोखसुद्धा दिसत होता. शब्द तोंडापर्यंत आला होता, याची मी शपथ घेते. मग ओठ मिटले.

"जाऊ दे," शकुनबाई म्हणाल्या. या खेपेला त्यांनी टोमणा मारला नाही. ते जास्त वाईट होतं.

बाई कालच्या बैठकीचे कागद देऊन साडेदहाला आल्या. त्यांनी मला पाहिलं, अंजूच्या हाताला हळद लावलेली पाहिली, रीताकडे पाहिलं.

"ताई, मले तेवढं एकच ठेवाचं होतं," रीता म्हणाली. "रोज पुसलं जाते. रोज. माझ्यापाशी तिचं काईच राहत नाई. कोनाले काय दाखवू मी?"

बाई माझ्या काठावर हात ठेवून बसल्या. "पोरीचं बोलनं रेतीत होतं वं, रीता," त्या म्हणाल्या. "तुनं रेतीच ठेवली नाई."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर रीताला रडता आलं असतं.

संध्याकाळी सचिन छिन्नी-हातोडी घेऊन आले. पहिल्या घावाला एक खपली उडाली. दुसऱ्या घावाला माझा काठ चिरला. दारात उभ्या असलेल्या अंजूने कानांवर हात दाबले आणि बाईंनी त्यांना थांबवलं. "राहू द्या जी. पोरगी भेऊन राहिली." मग मला उचलून कोपऱ्यात ठेवलं. दोघांनी मिळून उचलावं लागलं.

बाई आता पवनीहून नवी रेती घेऊन आल्या आहेत. ती एका स्टीलच्या परातीत आहे. बाकीची लेकरं तिच्यात बांबू लावतात, बोड्या खणतात. ती परात चांगली आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. अंजू तिच्यात बोट घालत नाही. बाईंनी सगळं करून पाहिलं. शेजारी बसल्या, स्वतःशी बोलल्या, "गेली मासोळी, आली मासोळी" म्हणाल्या. अंजू दोन्ही हात काखेत धरून बसते. पानी नाही, पाळ नाही, बगळा नाही. बाई म्हणतात, परत येईल. पण पूर्वी त्या हे रीताकडे बघून म्हणायच्या, आता भिंतीकडे बघून म्हणतात.

रीता आता खिडकीत उभी राहत नाही. ती वर्गात येते, स्टीलच्या परातीपाशी बसते आणि आपल्या बोटाने मासोळी काढते. पुसते. काढते. पुसते. "आई गेली," म्हणते. "आई आली," म्हणते. लेकरं हसतात. तिला कोणी उठवत नाही.

एवढे दिवस मी एका गोष्टीवर जगत होते. रोज सकाळी अंजू वर्गात आली की आधी माझ्या कोपऱ्यात यायची. वाकायची. तळहात मासोळीवर ठेवून एकदाच फिरवायची, आज तरी जाते का ते पाहायला. मग आपल्या जागी जाऊन बसायची. मी रात्रंदिवस त्या एका हाताची वाट पाहायचे. वाटायचं, जोवर ती विचारते आहे तोवर काहीतरी शिल्लक आहे.

तुम्ही मला घासा, चकचकीत करा, असं मी म्हणणार नाही. त्याने आता काही होणार नाही. एवढंच सांगते, मित्रांनो, आणि घरी मोठ्यांनाही वाचून दाखवा. लहान भावंडाने मातीत, राखेत, सांडलेल्या पिठात काही काढलं तर ते डोळे भरून बघा. पुसायचं की ठेवायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. त्याने पुसलं तर हळहळू नका, आणि कोणाला दाखवायला म्हणून ते पक्कं करू नका.

आज सोमवार. अंजू आली. चप्पल काढली, आईचा हात सोडला आणि माझ्या कोपऱ्याकडे न वळता सरळ जाऊन आपल्या जागी बसली.

रीता दारातच होती. तिने ते पाहिलं.